दुष्काळात बाजारात उतरलेली गोफण

नव्या धंद्यात माल साठायच्या आधी किस्से साठतात. माल निदान विकून संपतो, किस्से सांगितले की वाढतात! आमच्या केजच्या संस्थेत दोघं चहाला बसले की एक किस्सा तयार होतो. तिसरा येऊन ठणकावून सांगतो, "तसं न्हाई झालं, म्या तिथंच होतो." मग तो सांगतो ती आवृत्ती पहिलीपेक्षा भारी निघते. सगळ्या आवृत्त्या ऐकून मला ज्या खऱ्या वाटल्या, त्या इथं सांगते.

मी रेणुका. शिकायला फार लांब गेले होते. इतकं लांब, की तिथली माणसं जून महिन्यात स्वेटर घालतात आणि ऊन पडलं की लॉटरी लागल्यासारखी गवतावर लोळतात. तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकले, व्हिडिओ गेम बनवायला शिकले, आणि चांगली नोकरी समोर असताना केजला परत आले. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. जगभर आपण दुसऱ्यांनी रचलेले खेळ खेळतो. त्यातले रस्ते त्यांचे, शहरं त्यांची, जिंकणारे आणि हरणारे पण त्यांचेच. आपला खेळ आपण का रचू नये? आणि तो मोठ्या शहरात बसूनच रचला पाहिजे, असं कुणी ठरवलं?

केजला टीव्ही मेकॅनिकांची एक लहान सहकारी संस्था होती. लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करायचं सोडून नवा चपटा टीव्ही आणायला लागले, तसे मेकॅनिकांचे हात रिकामे झाले. जुने मोठ्या पाठीचे टीव्ही घराघरांत माळ्यावर जाऊन बसले. मी म्हटलं, त्या जुन्या टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, म्हणजे कन्सोल, आपण बनवू. नाव ठेवलं 'गोफण'.

गोफण दिवाळीला बाजारात आली, आणि त्याच साली पावसानं पाठ फिरवलेली!

संस्थेचे जुने सभासद गंगाधर तात्या यांनी लगेच विषय दिला. पुढच्या वार्षिक सभेत गोफण बंद करावी आणि वर्कशॉपात पाण्याच्या मोटारी दुरुस्त कराव्यात. बोअरला पाणी नाही तर मोटारी कुणाच्या, असं विचारलं तर तात्या म्हणाले, "पानी येईल कधीतरी. तुझ्या डब्याला गिऱ्हाईक येईल का, ते सांग."

थोडक्यात, सभेपर्यंत गोफण जगवायची. नाहीतर ती गेलीच, आणि तिच्या मागोमाग मी परत स्वेटरच्या देशात!

* * *

गोफण बाजारात यायच्या आधी पहिली बैठक मी घेतली. प्रोजेक्टर लावला आणि नव्या कन्सोलला काय काय धोके असतात ते एकेक करून सांगितलं. सुटे भाग बाहेरून येणार, ते अडकू शकतात. वीज नसते. स्वस्तातला परदेशी माल बाजारात आहे. गेम कमी पडले तर लोक कंटाळतील. मोबाइलवर फुकट गेम मिळतात. एका वाईट महिन्यात सगळं बसू शकतं. तिकडं शिकवलेलं होतं की सभासदांपासून काही लपवायचं नाही. मी अगदी पोटतिडकीने बोलत होते.

दिवे लागले. बचतगटाच्या कमलमावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या गटातल्या बाया आमच्याकडं सोल्डरिंग करायच्या आणि माल विकायचं खातं मावशींकडं होतं. त्या म्हणाल्या, "रेणे, एवढं सगळं वाईट व्हनार हाय हे तुला आधीच म्हाईत होतं, तर कावून चालू केलं बाई?"

सगळे हसले. मी अध्यक्षांकडं बघितलं. आमचे अध्यक्ष बाबुराव अण्णा. सहकारात उभा जन्म गेलेला माणूस, जिनिंगपासून दूध संघापर्यंत सगळ्या खुर्च्यांवर बसून झालेला. मला वाटलं, अण्णा आता हात झटकणार.

अण्णांनी उपरणं सारखं केलं. म्हणाले, "पोरी, आमी दरसाली आभाळाकडं बघून रानात सरकी टोबतो. त्याच्यापुढं तुझा धोका सावलीत बसलेला हाय. पुढचं बोल."

* * *

शुभारंभ झाला तो दिवस. अण्णांचा आग्रह, की पूजेशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. ठीक आहे. गोफणीला हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. जिथून हवा खेळायची त्या फटींत अक्षता गेल्या. तोवर मी दात आवळून उभी होते.

मग नारळ. खाली दगड ठेवलेला होता. पण फोटो काढणारा म्हणाला, "अण्णा, जरा वर घ्या, डबा फ्रेममध्ये येऊ द्या." अण्णांनी नारळ वर घेतला आणि टेबलाच्या कडेवरच असा आपटला, की निम्मं पाणी थेट गोफणीवर!

'फट्ट' असा आवाज झाला. टीव्ही एकदम काळा. आमचे मुख्य मेकॅनिक सलीमभाई माझ्या कानात म्हणाले, "बेटा, हसती राह. पब्लिक बघून राहिलीय." सलीमभाईंचं दुकान बसस्टँडमागं. तालुक्यातला असा एक टीव्ही नाही जो त्यांनी उघडला नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

आम्ही दोघं हसत उभे. तेवढ्यात टीव्ही उजळला, बाजा वाजला आणि गेम आपोआप सुरू झाला! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सलीमभाईंनी छाती काढून जाहीर केलं, "टेस्टिंग झाली! आपला माल पाण्याला भीत न्हाई!"

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं. डबा उलटासुलटा करून बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "चालू करायला दरखेपी नारळ फोडावा लागतो, का एकदाच?"

* * *

विजेचा धोका मी आधीच ओळखला होता, म्हणून गोफण आणि तिला जोडलेला टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालतील अशी सोय केलेली. त्याचा मला फार अभिमान! लोडशेडिंग असो नाहीतर वस्तीवर लाइन नसो, गोफण चालणारच.

एके दिवशी सकाळीच जवळच्या वस्तीवरचे बळीराम काका तणतणत आले. डबा टेबलावर आदळला. "ट्रॅक्टर चालू हुईना! बॅटरी पार बसली. सगळ्या वस्तीनं ढकलला तरी हूं न्हाई का चूं न्हाई!"

मी घाबरले. तिकडं अशा गोष्टींवरून कंपन्या बुडाल्याचं मी वाचलं होतं. मी हात जोडून म्हटलं, "काका, आम्ही डबा परत घेतो. पोरांनी रात्रभर चालू ठेवला असणार."

काका भडकले. "पोरांचं नाव घिऊ नका! त्यांला गेममदला पहिला खड्डासुदिक चुकवता येत न्हाई. म्याच खेळत हुतो."

सलीमभाईंनी स्टूल पुढं केलं, चहा सांगितला. म्हणाले, "बसा काका. मग करायचं काय? डबा ठिवू?"

काकांनी डबा दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. "ह्यो कावून ठिवता? औंदा रानात काम काय हाय? ट्रॅक्टर ठिवा तुमच्या दारात. त्याची बॅटरी तेवढी काढून, चार्ज करून द्या!"

बॅटरी फार उतरायच्या आत गोफणीनं आपोआप बंद व्हावं, अशी सोय आम्ही त्याच आठवड्यात केली. सलीमभाई मात्र ती सोय कुणाला सांगताना म्हणतात, "काकांपासून ट्रॅक्टर वाचवायची आयडिया हाय ही."

* * *

कन्सोल विकायचा तर गेम चांगला लागतो. गेम फसला की कन्सोल फसला, हे धंद्याचं पहिलं वाक्य. पण आमची पडली सहकारी संस्था. गेम कसा असावा हे पण सभासदांनी ठरवायचं!

हे शुभारंभाच्या आधीचं. मी रचलेला गेम होता 'टँकर'. तलावावरून टँकर भरायचा, खड्डे चुकवत गावात न्यायचा. पाणी सांडलं की हरलात. मी मोठ्या हौसेनं दाखवला. कमलमावशी बघत होत्या. टँकर गावात पोचला, पाणी मिळालं, बाजा वाजला. मावशी म्हणाल्या, "झालं? रांगंत भांडन न्हाई? मग ह्यो टँकर आपल्याकडचा न्हाई."

भांडण घातलं. मग एकेक सभासद उठायला लागला. आमच्या गावाचं नाव घाला. आमच्या गावाचा रस्ता एवढा खराब दाखवू नका, सोयरीक यायची हाय. शेवटी अण्णांनी तोडगा काढला, "गेममदी कुठलंच गाव तहानलेलं राहता कामा नये."

मी उभी राहिले. आवाज चढला माझा. "अण्णा, ज्यात हरता येत नाही तो खेळच नाही! हरायची भीती असेल तरच जिंकण्यात मजा!"

"हरू द्या की," अण्णा म्हणाले, "पर 'हरलात' असं तोंडावर म्हनू नका. मानूस दिवसभर तेच ऐकत असतोय."

मग काय म्हणायचं? बराच वेळ काथ्याकूट झाला. शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी सुचवलं आणि सगळी बैठक खदखदून हसली. आजही गोफणीवर टँकर उलटला की पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं:

'साहेब जेवायला गेलेत. उद्या या.'

लोक ते वाक्य बघायला मुद्दाम हरतात!

* * *

मांजरसुंब्याच्या चौकातल्या ढाब्यावर आम्ही एक गोफण मांडली होती. गाड्या थांबतात, लोक चहा पितात, खेळतात, विचारतात. शेजारीच एक सेल्समन परदेशी डबे घेऊन उभा राहिला. चकचकीत खोका, त्यावर विमानं आणि तलवारी. ओरडायला लागला, "एका डब्यात हजार गेम! हजार!"

आमच्याकडं त्या वेळी गेम एकच, आणि दुसरा अर्धा.

तो कमलमावशींसमोर येऊन म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं किती?"

मावशींनी चहाची बशी खाली ठेवली. "एक."

"एकच? आमच्याकडं हजार!"

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "एक नवरा संभाळता संभाळता माझा जीव जातोय. हजार घेऊन मी काय करू?"

एसटीची वाट बघणाऱ्या बाया अशा हसल्या, की सेल्समन स्वतःच हसायला लागला. त्या दिवशी बायांनी नवऱ्यांच्या खिशात हात घालून गोफणी नेल्या.

* * *

सुटे भाग अडकतील, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. तसंच झालं. दाबायच्या बटणांचं पार्सल कुठल्याशा बंदरात अडकलं. लग्नसराई तोंडावर, मागणी आलेली, आणि वर्कशॉपात रांगेनं डबे तयार. फक्त बटणं नाहीत. बटणांच्या जागी भोकं! डबे दात पडलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसत होते.

तात्या मुद्दाम बघायला आले. एका भोकात बोट घालून म्हणाले, "इंजिनेर बाई, ह्यात बोट घालून खेळायचं का?" आणि खुशीत निघून गेले.

मी फोन करकरून थकले. सलीमभाई दुपारी गायब झाले ते संध्याकाळी एक पिशवी घेऊन आले. त्यांच्या भावाचं शेरवानी शिवायचं दुकान आहे. पिशवीत शेरवानीची बटणं. सोनेरी, नक्षीदार, मधे लाल खडा!

"सलीमभाई, हे काय?"

"बटण हाय. दाबलं की दबलं पायजे, एवढंच काम हाय ना त्याचं? खालून स्प्रिंग लावतो मी."

मला ते बघवेना. तिकडं आम्हाला रंग, आकार, अंगठ्याला बटण कसं लागतं यावर आख्खं सत्र शिकवलं होतं. त्यात लाल खड्याबद्दल काहीच नव्हतं! पण दुसरा उपाय नव्हता. बचतगटाच्या बायांनी भराभर बटणं बसवली आणि माल गेला.

मी परत येणाऱ्या डब्यांची वाट बघत बसले. डबे नाही आले, माणसं आली. "ते लग्नाचं मॉडेल हाय का?" रुखवतात गोफण मांडायला लागले. वरपक्षाकडून निरोप यायला लागले, की गोफण चालेल पण खड्याची पाहिजे. सलीमभाईंच्या भावाकडं एका नवरदेवानं तर गोफणीला शोभेल अशी शेरवानी मागितली!

शेवटी बंदरातलं पार्सल सुटलं. साधी, काळी, गुळगुळीत, अंगठ्याला नेमकी बसणारी बटणं. मी आनंदानं पहिला डबा स्वतः बसवला, पुसला आणि दुकानात मांडला.

एक गृहस्थ आले. डबा हातात घेतला, बटणं चाचपली, आणि डबा माझ्याकडं सरकवत हळू आवाजात म्हणाले, "ताई, आमाला फसवू नका. ह्यो डुप्लिकेट हाय."

* * *

उन्हाळा लागला आणि खरी कसोटी आली. माणसं जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेली. वस्त्या ओस पडल्या. कोण घेणार कन्सोल? गोदामात डबे तसेच. तात्या रोज वर्कशॉपवरून जाताना आत डोकवायचे आणि पाण्याच्या मोटारीचं चाक फिरवल्यासारखा हात फिरवून दाखवायचे.

कमलमावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक छावनीत गेलं तर आपुन हितं बसून काय करायलोय?"

तलवाड्याजवळच्या छावणीत सलीमभाई टेम्पोत जुना टीव्ही आणि गोफण घालून गेले. मी पण बरोबर. कडब्याच्या पेंढीवर टीव्ही, वर ताडपत्री. संध्याकाळी धारा आटोपल्या आणि माणसं गोळा झाली. आधी पुरुष लांबून बघत होते. मग एका बाईनं टँकर असा चालवला, की सगळी छावणी ओरडायला लागली, "डावीकडं! खड्डा! खड्डा!" शेजारची म्हैस दावं तोडायला निघाली.

तात्यांची पण दोन जनावरं त्याच छावणीत होती. ते आले आणि गरजले, "दुष्काळात खेळ मांडलाय! लाजा न्हाईत का?"

आत कुठंतरी तोच प्रश्न मला पण पोखरत होता.

टीव्हीसमोर बसलेली एक म्हातारी मान न वळवता म्हणाली, "तात्या, दिसभर जनावराच्या तोंडाकडं बघतोय. सांजच्याला घडीभर टीव्हीच्या तोंडाकडं बघू द्या की."

तात्या वळून आपल्या जनावरांकडं गेले. मी केजला का परत आले, याचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं. नंतर मला तो प्रश्न कधी पडला नाही.

पण धंदा तर व्हायला हवा! गोफण संध्याकाळच्या भाड्यानं द्यायची ठरली. छावणीचालक म्हणाला, "भाडं मान्य. पर रोकड न्हाई. शेन हाय. डोंगर पडलाय शेनाचा."

मी मावशींकडं बघितलं. मावशींनी एवढंच विचारलं, "ट्रॉली तुमची का आमची?"

शेणखताला डाळिंबाचे बागवाले रोख पैसे द्यायला तयार होते. एका छावणीची बातमी दुसरीत गेली, दुसरीची तिसरीत. गोदामातले डबे संपले, नवे लागले. बाजूच्या तालुक्यांतून मागणी आली. दुष्काळात बुडेल असं सगळ्यांनी सांगितलेली गोफण दुष्काळानंच उचलून धरली!

माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र तिकडं मोठ्या गेम कंपनीत आहे. त्याचा फोन आला. त्यांच्या नव्या कन्सोलचे आकडे घसरलेले, सगळे काळजीत. त्यानं विचारलं, "तुमचा कसा चाललाय?" मी म्हटलं, "माल पुरत नाही." तो थक्क. "उत्पन्न कशातून येतं तुमचं?"

मी म्हटलं, "शेणातून." आणि सगळं समजावून सांगितलं.

पलीकडून तो अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "याचं पेटंट घेतलंस का?"

* * *

आता वार्षिक सभा.

गोफण चालली होती, तरी तात्यांनी विषय मागं घेतला नव्हता. पत्रिकेवर तो छापलेला होताच. मी रात्रंदिवस तयारी केली. छावण्यांचे फोटो, मागणीचे तक्ते, बोलायचे मुद्दे. तिकडं तात्यांनी पण भाषण तयार केलं होतं. म्हणे आरशासमोर उभं राहून पाठ केलं. नवीन धोतर नेसून ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली नाही त्यांना एक सांगते. सभा दुपारी असते, आणि सभेनंतर जेवण असतं. मंडपाच्या मागं वरणाला फोडणी पडते. अध्यक्ष विषय वाचतात, सभासद 'मंजूर, मंजूर' म्हणतात. विषय पुरा ऐकून 'मंजूर' म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वर्षानुवर्षांची सवय. अध्यक्षांच्या आवाजाचा सूर उतरला की तोंडं आपोआप उघडतात.

अण्णांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. "मंजूर, मंजूर!" ताळेबंद. "मंजूर!" हिशेब तपासनीसाची नेमणूक. "मंजूर, मंजूर!" मागून बुंदीचा वास आला आणि मंडपात चुळबुळ सुरू झाली.

अण्णांनी चष्मा सारखा केला. "गोफण कन्सोलचं उत्पादन बंद करून वर्कशॉपमध्ये पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती सुरू करण्याबाबत..."

"मंजूर! मंजूर!"

आख्खा मंडप ओरडला. बचतगटाच्या बाया ओरडल्या. वस्तीवरचे बळीराम काका ओरडले. सगळ्यांत मोठा आवाज सलीमभाईंचा!

मी माझे तक्ते हातात घेऊन उठत होते. तशीच खाली बसले. सलीमभाईंनी तोंडावर हात ठेवला. "या अल्ला. बेटा, तोंडातून निघून गेलं!" कमलमावशी उभ्या राहिल्या, "अण्णा, हे धरू नका! आमी ऐकलंच न्हाई!"

अण्णा पांढरे पडले होते. पण सहकारात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "मावशी, सभेनं एकमुखानं मंजूर केलंय. अध्यक्षाला आता त्यात हात घालता येत न्हाई."

मागं पळी वाजतच होती.

आणि तात्या उभे राहिले. हातात भाषणाचे कागद, तोंड लाल. "आवं, पर मला बोलू तर द्या!"

"तात्या, तुमचाच विषय मंजूर झालाय," अण्णा म्हणाले. "आता बोलून काय करता?"

तात्या तसेच उभे. हा माणूस संस्था निघाली तेव्हापासून सभासद. इमारतीला विरोध केला, इमारत झाली. रंगाला विरोध केला, तोच रंग लागला. मेकॅनिकांच्या शेडला, बचतगटाच्या बायांना, मला, गोफणीला, सगळ्याला विरोध केला आणि सगळं झालं. त्यांचा एकही विषय मंजूर झालेला कुणाला आठवत नाही. ते इकडंतिकडं बघत होते, जणू कुणीतरी 'नामंजूर' म्हणावं म्हणून शोधत होते. कुणी म्हणेना. मग ते हळूच खाली बसले. परत उठले.

"अध्यक्ष म्हाराज, आयत्या वेळचे विषय घेनार हायेत का?"

"घेता येतील. कुणाचा हाय?"

"माझा." तात्यांनी घसा खाकरला. "आत्ताचा ठराव रद्द करून गोफण हाय तशी चालू ठिवावी."

मंडपात कुणाला काही कळेना. अण्णांनी चष्मा काढला. "तात्या, सूचक तुमीच?"

"मीच."

"अनुमोदक?"

कमलमावशींचा हात त्याआधीच वर होता.

"कारन सांगावं लागंल, तात्या," अण्णा म्हणाले. "इतिवृत्तात लिहावं लागतंय."

तात्यांनी भाषणाचे कागद नीट घडी घालून खिशात ठेवले.

"लिहा की. गोफण बंद पडली, तर पुढच्या साली म्या इरोध कशाला करू?"

अण्णांनी ठराव वाचायला तोंड उघडलं. पहिला शब्द पण बाहेर पडला नव्हता.

"मंजूर! मंजूर!"